अवंती मारतो म्हणते

लुटारूनं नेम धरला, अवंतीकडे बघितलं आणि बंदूक खाली घेतली.

अवंती बघतच राहिली. मोबाईलवर धुमश्चक्री खेळायला लागून तिला दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत या खेळातल्या एकाही गड्यानं तिच्यावर दया केली नव्हती. समुद्रानं गिळलेलं शहर, या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या, होड्यांतून चाल करून येणारे लुटारू. जो थांबला तो मेला, एवढाच नियम. आणि आता हा रेड्यासारखा दांडगा लुटारू तिच्यासमोर उभा, जणू लग्नात पंगतीला वाढायला आलाय.

तिनं त्याला उडवला. गुपचूप पडला.

"काय झालं बे, एवढी शांत?" कानात सुमेधचा आवाज आला. सुमेध वानखडे अकोल्याचा. टोळीतला दुसरा इम्रान मुजावर, मिरजेचा. तिसरी अवंती चौगुले, कोल्हापूर. राज्यभरातनं अंतिम सामन्यात पोचलेल्या दोन टोळ्यांपैकी एक यांची. सामना पुढच्या रविवारी, पुण्यात बालेवाडीला. आजचा हा नुसता सराव होता.

"काय न्हाई," अवंती म्हणाली. "मी पुढं जातो. डावीकडची होडी मी बघतो."

डावीकडे होडी नव्हतीच. आभाळ मात्र वेगळं होतं. कायम काळंकुट्ट असणारं आभाळ आज आबोली रंगाचं झालेलं. तिच्या बंदुकीच्या पट्ट्याला एक फुलपाखरू लटकत होतं, ते तिनं कधी विकत घेतलं नव्हतं. आणि "ऊठ की मुडद्या!" म्हणून खेकसणाऱ्या कप्तानाच्या जागी एक बाई मधाळ आवाजात म्हणाली, "छान खेळतेयस हं! थोडं पाणी पिऊन घे."

"पाणी?" अवंती म्हणाली.

तेवढ्यात सुमेध किंचाळला. "डावीकून होडी! होडी आली ना बे! दिसून नाही राहिली का तुले?"

नव्हती दिसत. तिच्या पडद्यावर डावीकडे संथ पाणी होतं आणि दोन बदकं. आधी सुमेध मेला, मग इम्रान. आबोली उन्हात अवंती एकटी उभी राहिली आणि पडद्यावर अक्षरं आली : शाब्बास, ताई!

*

दुसऱ्या दिवशी इम्रान मिरजेहून आला. दोघं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतच बसले. चौगुले मोटर ड्रायव्हिंग स्कूल, राजारामपुरी. मालकीण अवंतीची आत्या, शालनआत्ती. शिकवायचं फक्त बायकांना. सकाळी अवंती शिकवायची, संध्याकाळी खेळायची. गाडी उभी होती, दारं उघडी होती, आणि दोघांनी आपापल्या पडद्यावर एकच जागा उघडली.

इम्रानच्या पडद्यावर कुत्रं आलं आणि त्यानं त्याच्या नरड्याचा घोट घेतला.

अवंतीच्या पडद्यावर तेच कुत्रं आलं आणि शेपूट हलवायला लागलं.

"आयला," इम्रान म्हणाला. "तुझं कुत्रं तर बिस्कीट मागायलंय."

"परवापर्यंत मलापण चावायचं की!"

"मग परवा काय केलंस?"

"काय करणार? फायनलसाठी ओळखपत्र दाखवलं, बस."

शालनआत्ती खिडकीत कोपर टेकून ऐकत उभी होती. तिनं दोन्ही पडदे बघितले, चष्मा वर केला आणि अवंतीच्या पायांकडे बोट दाखवलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारीला वाटतं गाडी आपण थांबवली. थांबवलेली असते शेजारचीनं.

"तुला दुसरा ब्रेक बसवलाय बघ," आत्ती म्हणाली. "तुला न सांगता."

"आपण पण बसवतो की, आत्ती."

"मी बसवतो ते सांगून बसवतो. आणि बाई शिकली की मी मागच्या शिटावर जाऊन बसतो. हे कवा मागं बसणार, ते विचार त्यांना जाऊन."

*

धुमश्चक्री बनवणाऱ्या कंपनीचं नाव लोलक गेम्स. ऑफिस पुण्यात बाणेरला, काचेचं. अवंतीला वाटलं होतं, दारातनंच घालवतील. उलट कॉफी आली. मार्केटिंगच्या मुग्धा सरदेसाई स्वतः उठून भेटायला आल्या आणि त्यांच्यामागे निनाद नावाचा इंजिनिअर, ज्यानं आरसा बांधला होता.

आता हे आरसा प्रकरण समजून घ्यायला हवं.

पूर्वी खेळ आधी बनवून ठेवलेला असायचा. पिच्चरसारखा, सगळ्यांना एकच. धुमश्चक्री तसा नव्हता. कंपनीकडे नुसता ढीग होता, हजारो माणसं, प्रसंग, संकटं यांचा. त्यातलं तुम्हाला काय रुचेल ते उचलून आरसा नावाचं यंत्र त्याच क्षणी तुमच्या पडद्यावर चितारायचं. सगळे एकाच शहरात, पण प्रत्येकाचं शहर वेगळं. रुचेल काय हे आरशाला कळायचं कसं? तुम्ही अंगठा किती जोरात दाबता, दिसल्यापासून बोट हलेपर्यंत किती वेळ लावता, आणि खेळताना तोंडानं काय बोलता, यावरून. या सगळ्याचा मिळून आत एक काटा फिरायचा. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला पुरुष. जाहिरातवाल्यांना तेच हवं होतं. क्रीम कुणाला दाखवायचं आणि बाईक कुणाला, एवढं कळलं की ते खूश.

सुरुवातीला आरशाला दिसलं की बायका पहिल्याच आठवड्यात खेळ सोडतात. का सोडतात? तोंड उघडलं की पोरं घाणेरडं बोलायची म्हणून. पण हे आरशाला कुणी सांगितलं नाही. आरशानं अर्थ लावला की खेळ अवघड जातोय. त्यानं तो सोपा केला. सोपा झाला म्हणून कंटाळून आणखी बायका गेल्या. आरसा म्हणाला, अजून अवघड जातोय वाटतं. अजून सोपा केला. असं करत करत शेवटी बदकं आली.

"पण मग मला दोन वर्षं कुत्रं का चावत होतं?" अवंतीनं विचारलं.

निनाद खुर्चीत पुढे सरकला. या प्रश्नाची तो जणू वाटच बघत होता. "तीच गंमत आहे! आवाजाच्या पट्टीवर आमचा भरवसा नाही. स्वस्त माईक, लहान पोरं, गोंगाट. पण मराठीत क्रियापदच सांगतं ना. मी आलो म्हणजे पुरुष, मी आले म्हणजे बाई. फुकटात कळतं! पुण्यात चाचणी घेतली, जवळजवळ चूकच नाही. आणि तुझं रेकॉर्डिंग ऐकलं तर दोन वर्षं तू म्हणतेयस, मी मारतो, मी येतो, मी थांबलो. आरशानं तुला पुरुष धरलं. ओळखपत्र आल्यावर कळलं."

अवंती खदखदून हसली. मुग्धाताईंची कॉफी हिंदकळली.

"अहो, आमच्याकडच्या बायका असंच बोलतात! माझी आत्ती, तिची आई, बाजारात भाजीवाली. मी येतो, मी जातो. त्यात पुरुष कुठनं आला?"

"हो, ते कळलंय आता," निनाद म्हणाला. "सामन्यानंतर कोल्हापूरचं दुरुस्त करून टाकणार आहोत."

हसू थांबलं. "काय दुरुस्त करणार? आमचं बोलणं?"

"बोलणं नाही गं, डेटा," मुग्धाताई मध्ये पडल्या. त्यांचा आवाज खरंच प्रेमळ होता, आणि तेच अवघड होतं. "हे बघ अवंती, मीही या क्षेत्रात एकटी बाई म्हणून आले. मला माहितीये कसं वागवतात. म्हणूनच मुलींना सुरक्षित वाटेल असं काहीतरी करायचं होतं. 'धुमश्चक्री सखी' येतेय. आणि तिचा चेहरा तू असावीस असं मला वाटतं."

त्यांनी पडदा फिरवला. पोस्टरवर अवंती होती. आबोली आभाळ, मोकळे केस, आणि हातात बंदूक अशी धरलेली की जणू बक्षीस समारंभात पुष्पगुच्छ मिळालाय.

"मॅडम, अशी बंदूक धरली तर दस्ता दातावर बसतो," अवंती म्हणाली. "मला सखी नको. मला साधा खेळ द्या, सगळ्यांचा असतो तसा."

"साधा असा खेळच नसतो," निनाद म्हणाला. "आरसा कुणासाठी तरीच चितारतो."

"आणि कोण आहे तेच कळलं नाही तर?"

"तर काटा मध्ये राहतो. मग तो काहीच गाळत नाही, सगळंच दाखवतो. पण तसं कधी होत नाही. ओळखपत्र एक साक्षीदार, बोलणं दुसरा. तुझ्यासारख्या एखाद्याच्या बाबतीत दोघांचं जुळलं नाही, तर तो ओळखपत्राचं ऐकतो. हां, हजारोंच्या बाबतीत जुळेनासं झालं, तर मात्र दोघांवरचाही भरवसा कमी करेल. आपोआप. आम्ही हात घालत नाही, तो स्वतःच शिकतो..."

"निनाद," मुग्धाताई म्हणाल्या.

पण उशीर झाला होता. अवंती उठली होती.

"येतो मी," ती म्हणाली.

*

"म्हणजे मी काय म्हणू? मी आले?" त्या रात्री कानात सुमेधचा आवाज चिरकला. "मी मेले? मी मारते? डोकं फिरलं का तुझं?"

"इम्रान तयार आहे."

"मी कधी तयार झालो?" इम्रान म्हणाला. मग जरा थांबून, "झाले, झाले. तयार झाले."

"ऐक सुमेध," अवंती म्हणाली. "रविवारी माझ्या पडद्यावर होडीच येणार न्हाई. मी आंधळी खेळणार, आणि मरणार तुम्ही."

"मंग तू बस ना बाहेर. राखीव पोरगा हाय आपल्याकडे."

इम्राननं श्वास ओढलेला दोघांनाही ऐकू आला. टोळी तिनं बांधली होती. सुमेधला गच्चीवरून उडी मारायला तिनं शिकवलं होतं.

"बाहेर न्हाई बसत," ती शेवटी म्हणाली. "मी दोन वर्षं तेच खेळलो जे तू खेळलास. तेवढाच मेलो, तेवढाच मारला. आता एका कार्डावरनं माझं कुत्रं शेपूट हलवतंय, आणि तू मला बस म्हणतोस?"

"माझा बाप टीव्हीवर पाहणार हाय बे सामना," सुमेध हळूच म्हणाला. "साऱ्या गल्लीले बोलावून ठेवलं त्यानं. त्याच्यासमोर मी आले म्हणू?"

सकाळी अवंतीनं गाडीतच व्हिडिओ काढला. मागच्या शिटावर शिकाऊ बायका दाटीवाटीनं बसलेल्या, पुढे शालनआत्ती, आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल. "ऐका," अवंती म्हणाली. "धुमश्चक्री खेळताना कोल्हापूरवाल्या बायकांनी आहे तसंच बोलायचं. बाकीच्या बायकांनी आमच्यासारखं बोलायचं. आणि बाप्यांनी मी आले, मी गेले म्हणायचं. लाज वाटली तर गुपचूप म्हणा. बघू, आरसा कुणाला काय दाखवतो ते."

आत्तीनं कॅमेऱ्यासमोर मान घातली. "मी पण खेळतोय. कालच एक लुटारू मारलाय. बिचारा चहा विचारत होता."

दुपारपर्यंत व्हिडिओ गावभर झाला, संध्याकाळपर्यंत राज्यभर. लातूरच्या हॉस्टेलच्या पोरी, सावंतवाडीच्या नर्सा, नाशिकचं एक अख्खं ढोलपथक. पोरांची मात्र फाटायची. खेळात भोसकणारे, खालून बॉम्ब लावणारे, 'आले' म्हणायला घाबरत होते. कुणीतरी खाली लिहिलं, "घरी जाऊन भाकऱ्या थाप."

अवंतीनं उत्तर टाकलं, "थापतो की. खातो. मग येऊन तुला मारतो."

ते उत्तर व्हिडिओपेक्षा जास्त पळालं. पण शनिवारी तिनं खेळ उघडला तेव्हाही आभाळ आबोलीच होतं. थोडं मळकं झाल्यासारखं वाटलं. की तिला तसं वाटून घ्यायचं होतं, कोण जाणे.

*

बालेवाडीचं स्टेडियम खच्चून भरलेलं. मधोमध दोन टोळ्या, वर मोठा पडदा, आणि बघणारे आपापल्या मोबाईलवर सोबत खेळणारे. खेळाडू काय बोलतात ते सगळ्यांना ऐकू जात होतं. निवेदक ओरडला, "आणि आता आपली लाडकी वाघीण, अवंतीताई!" आणि दिवे आबोली झाले. मुग्धाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शालनआत्ती शेवटच्या रांगेत. ती मुद्दाम मागे बसली होती.

पहिली फेरी गेली. व्हायचं तेच झालं. अवंतीसमोर संथ पाणी आणि बदकं, आणि तिच्या बाजूनं होडी शिरली. इम्रान घसा फोडून 'मी पळते, मी वाकले' ओरडत होता, लोक हसत होते. सुमेध तोंडातून अक्षर काढत नव्हता. 'आलो' नाही की 'आले' नाही.

दुसरी फेरी सुरू झाली. एकाच गच्चीवर तिघं अडकले. "सुमेध, कुठं आहेस?" अवंती ओरडली. "मला काय दिसत न्हाई! माझे डोळे तू हो. बोल काहीतरी!"

सुमेधनं जोरात नाकानं श्वास घेतला.

"आले!" तो गरजला. अख्ख्या स्टेडियममध्ये घुमलं. "मी आले ना बे! डावीकून आले! होडी तुझ्या समोर हाय, मार! बाबा, पाहून राहिले का? मी आले!"

मग शेवटच्या रांगेतून आत्तीनं अशी शिट्टी मारली की पुढच्यांनी कानावर हात ठेवले. आणि हशा फुटला, पण हा मघासारखा नव्हता. वरच्या गॅलरीत पोरांचं एक टोळकं उठलं, मोबाईल तोंडाशी धरून बोंबलायला लागलं, "मी मारते! मी मारते!" त्यांच्या शेजारच्या पोरी, "मी मारतो!" रांगेमागून रांग. दाढीवाले गडी 'मेले गं बाई' म्हणून लोळत होते. कोण कोण आहे ते माणसालाही कळेना, आरशाला काय कळणार?

आभाळ लुकलुकलं.

आबोली रंग चिरत गेला, त्यातून काळं वर आलं. अवंतीच्या बंदुकीवरचं फुलपाखरू गळून पडलं. समोरच्या संथ पाण्यातून एकदम होडी निघाली, मग दुसरी, मग तिसरी. त्या आधीपासून तिथेच असणार.

"अवंती," इम्रानचा आवाज बदलला होता. "माझ्या गच्चीवर एक म्हातारी बसलीय."

"कसली म्हातारी?"

"माहीत न्हाई! स्टोव्ह घेऊन बसलीय. मला म्हणतेय, पोरा, दमलास, बस. दोन वर्षांत कधी दिसली न्हाई ही."

"माह्याकडे लेकरं हायत बे," सुमेध म्हणाला. "पाण्याच्या टाकीत लपून बसली. इथून शंभर वेळा गेलो मी... गेले मी. आपल्याले कधी दाखवलंच नाही? आपल्याले फक्त कुत्रेच?"

पलीकडची टोळीही बंदुका विसरून आपल्याच पडद्यात बघत बसली होती. शहर आता मोठं झालं होतं. कुत्रीही होती आणि लेकरंही. म्हातारी होती, होड्या होत्या, पलीकडे कुणीतरी गात होतं. काहीच गाळलेलं नव्हतं.

"लेकरं काढ बाहेर!" अवंती ओरडली. "इम्रान, म्हातारीला विचार होड्या कुठनं येतात ते. पहिली मी घेतो!"

ती गच्चीच्या कडेला धावली. समोर तो सरावातलाच दांडगा लुटारू. त्यानं नेम धरला. अवंतीकडे बघितलं.

अवंतीनंही बघितलं. तिचा अंगठा एक क्षण थांबला. त्याची बंदूक खाली जाते का, एवढंच तिला बघायचं होतं.

नाही गेली.

पडदा लाल झाला. खणखणीत, जुना, ओळखीचा लाल. "ऊठ की मुडद्या!" कप्तान खेकसला.

पहिल्या रांगेतून मुग्धाताई धावत आल्या, मागे निनाद. वर मोठ्या पडद्यावर सुमेध एकेक लेकरू खांद्यावर घेऊन उड्या मारत होता. "अवंती, सॉरी, काहीतरी चुकलंय! आम्ही थांबवतो, लगेच तुझं सेटिंग परत..."

"हात लावायचा न्हाई!" अवंती म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अगं पण तू मेलीस!"

अवंतीनं माईक तोंडाशी ओढला, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं म्हणून.

"व्हय," ती म्हणाली. "मेलो!"